आभाराची चिठ्ठी

"टीचर, ज्याचं मागणं मिळालंच नाही त्याने काय लिहायचं?" बर्था लोपीसने हात वर करून विचारलं, आणि सगळा वर्ग हसला.

"त्याने थांबायचं," मी म्हणाले. "आणि मागत राहायचं. ज्यांना मिळालंय त्यांनी आज लिहायचं."

मुलांची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या पडवीत सतरंजीवर माझा श्रद्धावर्ग बसला होता. आठ-नऊ वर्षांची चौतीस मुलं. त्या मे महिन्यात ती पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर, घेणार होती आणि तोवर त्यांना प्रार्थना, आज्ञा, पापांची कबुली हे सगळं शिकवायचं काम फादर बेन्तोंनी माझ्यावर सोपवलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आठवडाभर गावच्या शाळेत तिसरीचा वर्ग आणि रविवारी हा. वसईच्या पट्ट्यात, समुद्रापासून कोसभर आत आमचं करंजभाट गाव. फुलांच्या आणि केळीच्या वाड्या, मध्ये चर्च, आणि चर्चमध्ये डाव्या हाताला संत अंतोनीचा पुतळा. काही हरवलं की आमच्याकडे सगळे त्याच्याकडेच जातात. तो हरवलेलं शोधून देतो.

आभाराच्या चिठ्ठ्यांची कल्पना माझी होती. मुलांना मागायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना जन्मतःच येतं. पण मिळाल्यावर परत जाऊन आभार मानणं शिकवावं लागतं, असं मला वाटायचं. म्हणून मी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा पुतळ्याच्या पायाशी ठेवला होता. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची आणि दर रविवारी मी त्या वर्गात मोठ्याने वाचायच्या.

"आभार मनातल्या मनात ठेवायचे नसतात," मी त्यांना बजावून सांगायचे. "मागताना जितक्या मोठ्याने मागितलं, तितक्याच मोठ्याने थँक यू म्हणायचं."

त्या रविवारी डब्यात सहा चिठ्ठ्या होत्या. माझी कंपासपेटी सापडली, थँक यू. आजीचा खोकला थांबला, थँक यू. आमची शेळी घरी आली. एकाने गणितात पास झाल्याबद्दल लिहिलं होतं आणि 'पास'मधला स चुकवला होता. मुलं प्रत्येक चिठ्ठीला टाळ्या वाजवत होती. सहावी चिठ्ठी मी उघडली, वाचली, आणि घडी घालून हातात धरली.

"वाचा ना, टीचर!"

"अक्षर लागत नाही," मी म्हणाले. "चला, उभे राहा. शेवटची प्रार्थना."

चिठ्ठीतलं अक्षर अगदी सुवाच्य होतं. वहीच्या आखीव पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं:

'संत अंतोनी, माझी ताई सापडली नाही. थँक यू. तिला तिथेच राहू दे. जसिंता.'

जसिंता कोरिया तिसऱ्या रांगेत डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

तिची बहीण रेजिना सतरा वर्षांची. सोळा दिवसांपूर्वी ती सकाळी दूध घालायला गेली ती परत आलीच नव्हती. किटली डेअरीच्या कट्ट्यावर सापडली. गावातली माणसं स्टेशनपासून खाडीपर्यंत शोधून आली. कोणी म्हणे पळवून नेली, कोणी म्हणे कुणाबरोबर गेली. पण मोठ्याने कोणी बोलत नव्हतं, कारण रेजिनाचा बाप इनास मास्तर होता.

इनास मास्तर चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा. लग्न असो, मयत असो, सण असो, त्याच्या व्हायोलिनशिवाय मिस्सेला रंग येत नसे. उंच, देखणा, नेहमी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. गावातल्या निम्म्या मुलांना त्याने गायला शिकवलं होतं, मलासुद्धा. त्याच्या मुलीसाठी सगळ्या गावाने नोव्हेना धरली होती. नऊ दिवस, रोज संध्याकाळी, संत अंतोनीपुढे दोन-दोनशे माणसं गुडघे टेकून बसत होती. पहिल्या रांगेत मास्तर, शेजारी त्याची बायको नातालिन, आणि त्या दोघांच्या मध्ये जसिंता. आम्ही सगळे एकच मागत होतो. आणि मध्ये बसून हे पोर उलटं मागत होतं.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"ही तू लिहिलीस?"

तिने मान हलवली.

"ताई सापडू नये असं मागितलंस?"

"नऊही दिवस," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, "मिळालं म्हणून आभार मानले, टीचर. तुम्हीच म्हणालात ना, मानायचेच."

"जसिंता, 'तिथेच' म्हणजे कुठे?"

ती पायाने सतरंजीची कड सरळ करू लागली.

"तुला माहीत आहे ताई कुठे आहे?"

तिने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "ते गुपित आहे."

"मला सांगितलंस तर ते गुपितच राहील."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणाले.

"गळ्याला हात लावा."

मी गळ्याला हात लावला. तेव्हा तिने सांगितलं. नाशिकला. रेजिनाच्या मैत्रिणीची मोठी बहीण तिथे सिस्टरांच्या पाळणाघरात काम करायची. तिच्याजवळ राहून रेजिनाही लहान मुलं सांभाळणार होती. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने जसिंताची वेणी घालताना हे तिच्या कानात सांगितलं होतं आणि सांगितलं होतं की तू दहावी झालीस की तुलाही नेईन.

"पण ती गेली का?" मी विचारलं.

जसिंता जमिनीकडे बघू लागली. बाहेर मुलं क्रुसाच्या कट्ट्याभोवती पकडापकडी खेळत होती.

"पप्पा तिला विहिरीवर नेतात," ती म्हणाली.

मी अजून थोडं थांबले असते तर ती पुढे बोलली असती, हे मला आज कळतं. पण मी थांबले नाही. आमच्या गावात वाडी असलेल्या कोणत्या घरची मुलगी विहिरीवर जात नाही? शिंपणं, धुणं, भाजीच्या जुड्या धुवायच्या. मीही केलं होतं. मला वाटलं, कामाला कंटाळलेली पोरगी, बापाचा हात जरा कडक, गेली रागाच्या भरात.

"काम सगळ्यांनाच असतं, बाळा," मी म्हणाले.

जसिंताने माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती खेळायला गेली.

दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. मंगळवारी संध्याकाळी भक्ती आटोपून माणसं पांगली. मी मेणबत्त्यांचं मेण खरवडायला मागे राहिले. इनास मास्तर संत अंतोनीपुढे एकटाच उभा होता. त्याने व्हायोलिन काढलं आणि वाजवायला लागला. माझ्याशिवाय ऐकायला चर्चमध्ये कोणी नव्हतं. वाजवून झाल्यावर त्याने बाह्यांनी डोळे पुसले.

"टीचर, तुम्ही आहात होय," तो म्हणाला. "बघा, आता एवढंच येतं मला. दुसरं काय देऊ त्याला?"

हरवलेलं शोधून देणारा संत माणसांकडूनच काम करून घेतो, हे मी मुलांना शिकवत होते. त्या क्षणी मला वाटलं, त्याने मला निवडलंय. छाती भरून आली माझी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"मास्तर," मी म्हणाले, "रेजिना नाशिकला आहे. सुखरूप आहे."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. पन्नाशीला टेकलेला माणूस, माझा गुरू. मी रडायला लागले. कोणी सांगितलं हे त्याने विचारलंच नाही. फक्त सिस्टरांच्या पाळणाघराची माहिती नीट समजून घेतली, दोनदा.

गुरुवारी तो आणि त्याचा भाऊ रेजिनाला घेऊन आले.

गावात सण असल्यासारखं झालं. चर्चची घंटा वाजली. फादर बेन्तोंनी रविवारी आभाराची मिस्सा जाहीर केली. शनिवारी दुपारी इनास मास्तर शाळेत मला भेटायला आला. सोबत जसिंता होती.

"टीचर, एक इच्छा आहे," तो म्हणाला. "उद्या मिस्सेनंतर जसिंताने पुढे येऊन संत अंतोनीचे आभार मानावेत. सगळ्यांसमोर. तुम्ही मुलांना इतकं छान शिकवता. चार ओळी लिहून तिच्याकडून पाठ करून घ्या."

मी होकार दिला. तो बाहेर शिक्षकांशी बोलत उभा राहिला. मी आणि जसिंता वर्गात बसलो. मी फळ्यावर लिहिलं: 'संत अंतोनी, माझी बहीण हरवली होती. तू ती आम्हाला शोधून दिलीस. आमच्या घराचा आनंद परत दिलास. मी मनापासून तुझे आभार मानते.'

"वाच," मी म्हणाले.

तिने वाचलं नाही. बाकावर बसून ती फळ्याकडे नुसती बघत राहिली. मग खालच्या आवाजात तिने विचारलं, "टीचर, मी थँक यूची चिठ्ठी टाकली म्हणून त्याच्या लक्षात आलं का?"

"कोणाच्या?"

"संत अंतोनीच्या. तो ताईला विसरला होता. मी आठवण केली. मी गप्प बसले असते तर त्याच्या लक्षातच आलं नसतं ना?"

तिला वाटत होतं, तिच्या त्या चार शब्दांनी बहीण पकडून आणली. मी सांगायला हवं होतं की नाही, बाळा, ते मी केलं. तू मला सांगितलंस आणि मी शब्द मोडला. बाहेर मास्तरच्या हसण्याचा आवाज येत होता.

"संतांना सगळंच आठवत असतं," मी म्हणाले. "चल, म्हण. माझी बहीण हरवली होती."

"माझी बहीण हरवली होती," जसिंता म्हणाली.

रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. बायका लाल लुगडी नेसून आल्या होत्या. मास्तरने वाजवलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतर ऐकायची इच्छाही झाली नाही. मग जसिंता पांढऱ्या फ्रॉकमध्ये पुढे गेली. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला. एकही शब्द न चुकता, एका सुरात, तिने चारही ओळी म्हटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय सुंदर शिकवलंस गं पोरीला."

रेजिना आईच्या शेजारी बसली होती. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. मिस्सा सुटल्यावर दाराजवळ गर्दीत ती माझ्यासमोर आली तेव्हा मला दिसलं की स्कार्फखाली तिचे केस कानांच्या वर वेडेवाकडे कापलेले होते.

"टीचर," ती म्हणाली, "तुम्हाला छोटीने सांगितलं ना?"

मी मान डोलावली.

"तिला रागावू नका. ती लहान आहे." तिचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "पण तुम्ही आधी मला भेटायला यायला हवं होतं. नाशिक काही एवढं लांब नाही."

"रेजिना, अगं तुझी आई रोज..."

"माझ्या आईला माहीत आहे," ती म्हणाली. तेवढ्यात मास्तरने हाक मारली आणि ती गेली.

आई काय जाणते, रेजिना कशामुळे गेली, काहीच मी विचारलं नाही. त्यांचं घर माझ्या घरापासून सहा वाड्या पलीकडे होतं. एकदा गेले होते. नातालिन दारातच उभी राहिली. "रेजिनाला बरं नाही, झोपलीय," असं म्हणाली आणि मला आत बोलावलं नाही. मी परत फिरले. उपवासकाळ होता, परीक्षा जवळ आल्या होत्या, मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

एकोणीस दिवसांनी रेजिना वाडीतल्या विहिरीत सापडली.

पाणी काढताना पाय घसरला, असं सांगितलं गेलं. पोलीस आले, कागद करून गेले. मयतीला सगळं गाव लोटलं. नातालिन दगडासारखी बसली होती. मास्तर छाती बडवून रडत होता आणि चार माणसांनी त्याला धरलं होतं. पण शवपेटीमागून चालताना मला एकच गोष्ट आठवत होती, आणि ती गावातल्या प्रत्येकाला माहीत होती: इनास मास्तरच्या विहिरीवर तीन वर्षांपूर्वी मोटर बसली होती. बटण दाबलं की पाणी थेट पाटात पडायचं. त्या विहिरीवर पाणी काढायला कोणी जातच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर पडवीत गेले. सतरंजी अंथरायची होती. जसिंता तिथे आधीच भिंतीला टेकून बसली होती. दंडाला काळी फीत. एकटीच चालत आली होती.

"टीचर," तिने विचारलं, "आभार परत घेता येतात का?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. हातातली सतरंजी तशीच गुंडाळलेली राहिली.

"मी चर्चमध्ये म्हटले ते. ते मला परत घ्यायचेत. म्हणजे तो ताईला पुन्हा तिथे ठेवेल."

"जसिंता," मी म्हणाले, "तू म्हणाली होतीस की पप्पा ताईला विहिरीवर नेतात. कशाला न्यायचे?"

तिने सांगायला सुरुवात केली, जणू कुणीतरी विचारावं म्हणून ती कधीची वाट बघत होती. ताईने उलट उत्तर दिलं किंवा उशीर केला की पप्पा तिला विहिरीवर न्यायचे. पाय धरून उलटी धरायचे, डोकं खाली. आरडाओरडा करायचा नाही. मग म्हणायचे, माफी माग. ती मागायची. मग वर घ्यायचे.

"आणि वर घेतलं की थँक यू म्हणायचं," जसिंता म्हणाली. "वर घेतलं म्हणून. मोठ्याने. मोठ्याने म्हटलं नाही तर परत खाली."

मी शिकवलेलं वाक्य माझ्याच कानात वाजायला लागलं.

"त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"केळीत. मी लपले होते." ती माझ्याकडे नव्हे, समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "पप्पांनी तिला वर घेतलं होतं. अर्धं. ते म्हणाले, म्हण. ती म्हणाली नाही. ते परत म्हणाले, थँक यू म्हण. ती नाहीच म्हणाली, टीचर. एकदाही नाही."

"मग?"

"मग पप्पांचे हात रिकामे होते."

अंगणात एकेक मूल यायला लागलं होतं. कोणीतरी मला हाक मारत होतं. मी जसिंताचा हात धरला. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"ऐक. संत अंतोनीने ताईला शोधलं नाही. तुझ्या चिठ्ठीमुळेही ती सापडली नाही. मी सांगितलं पप्पांना. तू मला सांगितलंस आणि मी जाऊन त्यांना सांगितलं."

तिला ते समजायला वेळ लागला. चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तिने हळूच माझ्या मुठीतून आपला हात काढून घेतला.

"तुम्ही गळ्याला हात लावला होता," ती म्हणाली.

"हो."

ती रडली नाही. मी तिला म्हणाले, आपल्याला फादरांकडे जायचंय, मग पोलिसांकडे, तू मला सांगितलंस तेच तिथे सांगायचं, सांगशील? तिने मान हलवली. माझा हात तिने परत धरला नाही, पण माझ्याबरोबर चालत राहिली, हातभर अंतर ठेवून.

फादर बेन्तो नाश्त्याला बसले होते. जसिंताने सगळं पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. फादरांनी ताट बाजूला सारलं. त्यांनीच ती आभाराची मिस्सा केली होती आणि मयतीची प्रार्थनाही त्यांनीच म्हटली होती. मग ते उठले आणि पायांत चपला सरकवल्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. पुरलेलं प्रेत काढलं गेलं. डॉक्टरांनी घोट्यांवरच्या खुणा लिहून घेतल्या. मास्तरला धरून नेलं. गाव दुभंगलं, पण माझ्या बाजूला थोडेच राहिले. चर्चची अब्रू मी वेशीवर टांगली, असं म्हणणारे जास्त होते. माझा श्रद्धावर्ग दुसऱ्या टीचरकडे गेला. नातालिनने जबाब दिला की तिने काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. जसिंताला फादरांनी दूरच्या एका कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा ती बाहेर आली, समोर बसली, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि घंटा झाल्यावर आत गेली.

खटला ठाण्याला दोन वर्षांनी उभा राहिला. आदल्या दिवशी माझी साक्ष झाली होती, म्हणून जसिंताच्या वेळी मला आत बसता आलं. ती अकरा वर्षांची झाली होती, उंच झाली होती, बापासारखीच. मास्तर कठड्याआड उभा होता, पांढऱ्या शर्टात. ती आली तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

मुलाची साक्ष घेण्याआधी न्यायाधीश चार प्रश्न विचारून बघतात, त्याला खऱ्याखोट्याची समज आहे की नाही. ते वयस्क गृहस्थ होते. त्यांनी तिला नाव विचारलं, शाळा विचारली. मग म्हणाले, "बेटा, खरं बोलणं आणि खोटं बोलणं यातला फरक तुला कळतो?"

"कळतो."

"तू कधी खोटं बोलली आहेस?"

आमच्या बाजूच्या सरकारी वकिलांनी मान वर केली. मुलं अशा वेळी नाही म्हणतात.

"एकदा," जसिंता म्हणाली. "चर्चमध्ये. माइकवर."

"काय बोललीस?"

"थँक यू म्हटलं. माझी ताई सापडली म्हणून. मला तसं वाटत नव्हतं."

"मग का म्हटलंस?"

"मला शिकवलं होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कोणी शिकवलं, बेटा? या माणसाने?" त्यांनी कठड्याकडे हात केला.

जसिंताने त्या दिशेला बघितलंही नाही. ती वळली, बाकांवरच्या माणसांतून नजर फिरवत मला शोधलं आणि हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळं कोर्ट माझ्याकडे बघू लागलं. मला कोणी उठायला सांगितलं नव्हतं. मी उठून उभी राहिले.

"बरं," न्यायाधीश तिला म्हणाले. "आता जे खरं आहे ते सांग."

तिने ते सांगितलं. सरळ, न अडखळता, शेवटपर्यंत. मास्तरच्या वकिलाने तिला दीड तास उलटसुलट विचारलं, पण तिचा एक शब्द हलला नाही. मास्तरला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती आली नव्हती. मीच तिला पत्राने कळवलं. पत्राला उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही मी ठेवली नव्हती.